शेपूट नसलेल्यांसाठी

“गंज खाली ठेव, बेबी. आज धिंगरी मिळत नसते.”

पंचफुलाबाईंनी हे गोठ्यातूनच सांगितलं, पिशव्यांवर पाणी शिंपडता शिंपडता. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या सालापासून फुलसावंगीच्या ह्या गोठ्यात, कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या भुशावर, धिंगरी अळिंबी उगवत होती. बियाणं दिलं होतं नातीनं, अनघानं. ती नागपूरच्या प्रयोगशाळेत अळिंबीतली साखर काढून, तिच्यात रसायनानं फेरफार करून, त्या साखरेनं कर्करोगाच्या गाठी आटतात का ते पाहत होती.

धाकटी जाऊ बेबीताई हातातलं रिकामं पातेलं तसंच धरून दारात उभी राहिली. छातीतल्या गाठीवरची तिची पहिली सुई आज नागपूरला होती.

“मी काही दहाच्या गाडीनं जात नाही, जाऊबाई. केस जातात त्या सुईनं. मी आपली धिंगरीच खाईन. हळदीकुंकवात तुम्हीच तर सांगतलं, अनघाच्या औषधानं गाठ आटते म्हणून.”

सांगितलं होतं खरं, साऱ्या गल्लीसमोर, मान ताठ करून. फक्त एक गोष्ट गाळली होती. पाटलाची नात दिवसभर उंदरांची उस्तवार करते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

पंचफुलाबाईंनी तांब्या ठेवला. बोललेला शब्द त्यांनी रुसलेल्या व्याह्यासमोरही कधी मागे घेतला नव्हता.

“आटते,” त्या म्हणाल्या. “उंदराची.”

“काय?”

“उंदराची गाठ आटते. तेही ती साखर बदलून टोचली तर. भाजी खाऊन नाही. माणसाले द्यायले अजून लय वर्षं हायेत म्हणते अनघा. मीच लपवलं. तुले शेपूट असती तर गोष्ट वेगळी होती.”

बेबीताईनं पातेलं खाली ठेवलं. मग तिला हसू फुटलं.

“म्हणजे आपली अनघा उंदरं पाळते व?”

“पाळते. पांढरी. सांग जाऊन साऱ्या गल्लीत.”

“कायले सांगू? मग माह्यासंग गाडीत कोण बसन?”

दहाच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. मागच्या बाकावरून गल्लीतल्या सुखीबाईनं पंचफुलाबाईंच्या मांडीवरच्या डब्याकडे पाहत विचारलं, “औषध हाय काय?”

“भाजी हाय. औषध नागपूरले. अन् नात माही उंदरं पाळते, तेही विचारून घे.”

खिडकीतल्या वाऱ्यानं बेबीताईची लांब वेणी सुटत होती. पंचफुलाबाईंनी ती पुरती सोडली आणि पुन्हा घालायला घेतली, घाई न करता, पार यवतमाळ येईपर्यंत.