सतरा टक्क्यांवर अडलेली तपासणी

मी एक जुना संगणक आहे, रिसोडच्या एका घरात खिडकीपाशी बसलेला. मित्रांनो, माझे सुटे भाग कुठे घडले ते मला ठाऊक नाही. मला जोडले वाशीमच्या एका दुकानात. धम्मदीपा कॉलेजात असताना मी तिच्याकडे आलो आणि लग्नानंतर तिच्यासोबत सासरी. तिथे मी गल्लीभरातल्या पोरांचे अर्ज भरले, कौतुक झाले. पुढे घरोघरी मोबाइल आले, तसा मी रुमालाखाली गेलो.

मग उत्पला झाली. दीड वर्षाची असताना तिला झटके येऊ लागले. नजर एकटक थांबायची, डावा हात उडायचा. धम्मदीपा दर वेळी व्हिडिओ काढी आणि मोबाइल भरला की सारे माझ्या डिस्कवर ठेवी. डॉक्टर म्हणाले होते, "झटका कसा येतो ते दाखवा, त्यावरून औषध ठरवू." गुरुवारची वेळ मिळाली होती.

मंगळवारी मी सुरूच होईना. काळ्या पडद्यावर डिस्कची तपासणी सुरू होई, सतरा टक्क्यांवर बंद पडे, की मी पुन्हा पहिल्यापासून. या घराची रीतच अशी, की बाहेर निघताना सासरे शेषराव मेन स्विच पाडत, मग मी चालू असलो तरी. असा अर्ध्यात विझलो, की पुढच्या वेळी डिस्क तपासणे आले. आता तपासणारा प्रोग्रामच कोसळत होता.

"मामाजी, पुन्हा पुन्हा चालू नका करू," धम्मदीपा सासऱ्यांना म्हणाली.

"अवं, एक थाप हाणली की होते. आपला टीवी नव्हता होत?"

"टीवीत उत्पलाचे व्हिडिओ नव्हते."

शेषरावांनी उगारलेला हात खाली घेतला.

बुधवारी दुरुस्तीवाला प्रसेनजित आला. धम्मदीपा त्याच्या बोटांवरून नजर हलवेना.

"वहिनी, पहारा देऊन राह्यल्या का माह्यावर?"

"हो. आधी आतले व्हिडिओ उतरवून घ्या, मग दुरुस्ती."

त्याने माझी डिस्क सोबत आणलेल्या संगणकाला जोडली. एकेचाळीस व्हिडिओ सुखरूप उतरले. मग तिथेच तपासणी लावली, तर ती शंभरावर पोचली.

"डिस्क त बरी हाय. मंग इथंच काहून पडते?" असे म्हणत त्याने माझी मेमरीची पट्टी उपसली. तिचे सोनेरी दात काळवंडले होते. त्याने ते खोडरबराने घासले, पट्टी पुन्हा बसवली. या वेळी तपासणीने सतराचा आकडा ओलांडला आणि मी जागा झालो.

"मेन पाडल्यानं झालं का हे?" शेषरावांनी हळूच विचारले.

"तपासणी मागे लागली ते मेननं. पडत होती ते या मळानं."

"म्हंजे अर्धी चूक मायी," म्हातारा म्हणाला आणि रुमालाने माझी धूळ पुसू लागला.

मित्रांनो, आम्हाला रीतसर बंद करा. जे गमावून चालणार नाही, ते दोन ठिकाणी ठेवा. अडलेल्याला धपाटे घालू नका, का अडला ते पाहा. माझ्याशी ही माणसे तशी वागली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

गुरुवारी डॉक्टरांनी व्हिडिओ पाहून औषध बदलले. धम्मदीपा अजूनही मोबाइल हाताशी ठेवून लेकीकडे बघत बसते. पण गेल्या पाच आठवड्यांत तिला एकही नवा व्हिडिओ काढावा लागलेला नाही.