बिनकडीवाले

कुणाला पटायचं नाही, आणि पटवून घेऊही नका. पण मला चावलेला डास ताप येऊन मरतो.

दवाखान्याच्या धुलाईघरात माझी हयात गेली. तापाच्या वॉर्डातल्या चादरी मळक्या खोलीत यायच्या. भट्टीत टाकण्याआधी एकेक झटकायची, कारण घड्यांमधून सुया, चमचे, एकदा तर कुणाची कवळी निघाली होती. झटकलं की जे उडेल ते थेट झटकणाऱ्याच्या नाकात. छातीचा ताप आला तेव्हा ती खोली माणसं गिळायला लागली. आज शेजारी उभा राहून चावट विनोद सांगणारा गडी चार दिवसांनी चादरीत गुंडाळून जायचा, आणि चादर तेवढी आमच्याकडे परत यायची.

मी ठणठणीत. त्याच चादरींचं गाठोडं उशाला घेऊन दुपारी डुलकी काढायचो. जंतू नाकाशी यायचे, आत डोकावायचे आणि "चुकलं हो काका, घर चुकलं," म्हणून माघारी फिरायचे.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं. म्हणाल्या, "या जंतूला पेशीत शिरायला दाराबाहेरची कडी धरावी लागते. तुमच्या पेशींना बाहेरून कडीच नाही! आईकडूनही हेच आलं आणि बापाकडूनही, म्हणून. तुमचे वाडवडील कुठले?"

"दलदलीपलीकडचे. तिथे हा ताप पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला."

"मग बरोबर. तिथे कडीवाले जास्त मेले, बिनकडीवाले जास्त उरले. उरलेल्यांचे तुम्ही."

तेव्हापासून धुलाईघरात आमच्या अख्ख्या घराण्याला बिनकडीवाले म्हणतात. मुकादमानं त्यातून आपल्या सोयीचं तेवढं उचललं. मळक्या खोलीत माणूस कमी पडला की तो ओरडणार, "बिनकडीवाल्यांपैकी कोण मोकळं आहे रे?"

यंदा ताप परत आला आणि ही हाक माझ्या नातीला आली. लेकीची लेक, इस्त्रीवर होती, आता झटकायला. कामावर जाता जाता ती घरात डोकावली. आमची म्हातारी खिडकीशी फाटक्या चादरींना ठिगळं लावत बसली होती.

"आजोबा, फाटकाशी लस टोचतायत. मुकादम म्हणतो, तुम्हाला कशाला लस, उगाच हात दुखेल आणि खाडा होईल. खरं सांगा, माझ्यातही आहे ना ते?"

"आहे म्हणजे काय! माझं नाक तुझ्या आईला, तिचं तुला. नाक आलं ते काय एकटं आलं?"

"पण बाबा डोंगराकडचे. त्यांच्याकडून कडी आली असेल तर?"

"डोंगराला कधी कडी पाहिलीस?"

ती हसली. म्हातारी हसली नाही.

"चेष्टा नको, आजोबा. डॉक्टरीणबाई नेमकं काय म्हणाल्या होत्या?"

"म्हणाल्या, तुमच्या सात पिढ्यांनी तापाला नुसतं खाकरून दाखवावं, तोच अंथरूण धरेल. अगं, आपल्या घरात तापानं कुणी गेलंय का कधी?"

"धाकटे आजोबा? तेही मळक्या खोलीतच होते ना?"

"माझा भाऊ? तो विहिरीत गेला. पाणी शेंदताना पाय घसरला. त्याच्या रक्ताचा गुण असा, की त्या विहिरीतल्या बेडकांना अजून पडसं होत नाही."

पोरीचा चेहरा मोकळा झाला. "मग कशाला रांगेत उभी राहू? सरळ कामालाच जाते," म्हणत तिनं चपला पायात सरकवल्या.

म्हातारीनं दातानं दोरा तोडला.

"थांब गं पोरी. अहो, तो तुमचा सख्खा भाऊ. तीच आई, तोच बाप, तीच खोली. आणि विहिरीत पडून गेला म्हणता, तर त्याचं अंथरूण का जाळलं होतंत?"