घासून चकाचक केलेली टाकी

मी एक जुनी, पसरट सिमेंटची टाकी आहे आणि मला राग आला आहे. मित्रांनो, टाकीला राग येत नाही असे पुस्तकात असेल, तर तेवढी ओळ खोडा.

बैहरच्या वाटेवर एका अंगणवाडीमागे मी आहे. मला बांधले गुरांसाठी. गुरांनी ओढाच पसंत केला. मग अंगणवाडीच्या संध्याबाईंनी माझ्यात पाणी भरले, खायचा सोडा घातला आणि स्पिरुलिनाचे बियाणे सोडले. हे खाण्याचे निळे-हिरवे शेवाळ. डबक्यातले नव्हे, ते तोंडात घालू नका! यात डाळीहून जास्त प्रथिने, वर लोह. गावातल्या ललिताबाई मला रोज ढवळायच्या, शेवाळ फडक्यातून गाळायच्या, शेवयांसारखे पाडून वाळवायच्या. त्याची चिमूटभर भुकटी चिल्यात, म्हणजे धिरड्यात, जायची.

त्यांची लेक अपेक्षा तेव्हा रक्त कमी होऊन पांढरीफटक झाली होती, उठून खेळतही नसे.

"मासोयीसारखा वास येते!" ती थुंकली.

"मंग मासोयी समजून खा, माय."

दवाखान्याच्या गोळ्या होत्याच; भुकटीही पोटात जाऊ लागली. पुढे ही पोर माझ्या काठावर चढून नाचायची. मी कधी कुरकुरले नाही.

मग साहेब तपासणीला येणार असे कळले. ललिताबाई धानाच्या रोवण्याला, संध्याबाई वारासिवनीला बैठकीत. पंचायतीचे मोतीलालभाऊ माझ्यात डोकावले.

"अरे बापा! पुरी टाकी शेवायली. साहेब का म्हणतीन?"

विचारले कोणालाच नाही. ब्लीचिंग टाकले, ब्रश फिरवला, सारे नालीत. बियाण्यासकट.

"काहून जी भाऊ?" रोवण्यावरून परतलेल्या ललिताबाई ओरडल्या. "माह्या पोरीचं खाणं होतं ते!"

"घाण होती, बाई. आता पाहा, तळ दिसते."

"हौ. भुकटीच्या डब्याचाही दिसते."

साहेब आले, माझ्यात वाकले. "वो हरी वाली चीज़ किधर है? वही तो देखने आया था!"

मोतीलालभाऊ हुशार माणूस. म्हणाले, "साफसफाई चालू आहे, सर." साहेब म्हणाले, फोटो पाठवा. तर भाऊंनी मला आतून हिरवा ऑइलपेंट दिला. फोटो फार सुंदर आला म्हणतात.

संध्याकाळी अपेक्षा वाटी घेऊन आली. तिने नखाने माझा रंग खरवडला आणि बोट तोंडाकडे नेले. ललिताबाईंनी धावत येऊन तिचा हात धरला. बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, हिरवे काही दिसले की घासण्याआधी ते कोणाच्या ताटातले आहे, एवढे विचारा. विचारायला ब्लीचिंग लागत नाही.