पानाच्या तळाची नावं

हरिहर सरांनी सांगितलेलं काम पाच मिनिटांचं होतं, आणि भागीरथीने ते तीन दिवस केलं नव्हतं.

काम म्हणजे एक ओळ पुसायची. खाडीकाठ समाज मंडळासाठी तिने जी वेबसाइट बनवली होती, तिच्या प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत चार नावं यायची. साइट ज्या प्रोग्रामवर चालायची, तो लिहिणाऱ्या चार परदेशी मुलांची ती नावं. पुढे लिहिलेलं असायचं की हा प्रोग्राम कुणीही फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा, दुसऱ्याला द्यावा, फक्त आमची नावं काढू नयेत. सरांना त्या जागी 'हरिहर इन्फोटेक, डोंबिवली पूर्व, सर्व हक्क राखीव' असं हवं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण नागोबाला निदान बिळात स्वतः शिरता येतं. सरांना ती ओळ कुठल्या फाइलमध्ये आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

१९९९ साल होतं. ज्याच्याकडे मोडेम तो वेबसाइटवाला, अशी तेव्हा डोंबिवलीत परिस्थिती होती. सरांकडे वह्या-पुस्तकांच्या दुकानावर दोन खोल्या, तीन संगणक आणि एक भागीरथी होती. ती जवळच्या दिवा गावची, खाडीकाठच्या आगरी वस्तीतली. तिच्या बापाने, नामाने, उभं आयुष्य मिठागरावर काढलेलं. पोरीने संगणकाचा डिप्लोमा केला तेव्हा भावकीने तिच्या लग्नाचा लकडा लावला होता. नामा फार बोलणारा माणूस नव्हे. त्याने एकदाच सगळ्यांना सांगून टाकलं की पोर कामाला जाते तोवर लग्नाची गोष्ट माझ्या दारात काढायची नाही. म्हणून ही नोकरी भागीरथीला पगारापेक्षा फार मोठी होती. ती गेली की बापाचा शब्द संपला, आणि दुसऱ्या दिवशी दारात पाहुणे.

मंडळाचं काम आलं तेव्हा सरांचा बेत होता की साठच्या साठ पानं हाताने लिहायची. भागीरथीला एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर हा फुकट प्रोग्राम सापडला. त्यात पडद्यावर एक चौकट यायची. चौकटीत मजकूर लिहायचा, बटण दाबायचं, की पान साइटवर. लिहिणाऱ्याला संगणकातलं काही यायला नको, प्रत्येकाला आपलं नाव आणि आपला पासवर्ड. मराठी अक्षरं तेवढी त्यात नीट उमटत नव्हती, ते तिने महिनाभर डोकं खपवून जमवलं. तिला त्या प्रोग्रामचं वेड लागलं होतं, आणि ती ते लपवतही नव्हती.

एक विभाग तिने मंडळाला न विचारता घातला होता, तो धवल्यांचा. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण बसते. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं, त्याला धवला म्हणतात, आणि धवल्याशिवाय लग्न लागलंच नाही असं जुनी माणसं मानायची. भागीरथीची आत्या आवडाबाई धवलारीण होती. तिला दीडशेवर धवले पाठ. ती म्हणायची आणि शेजारची शेवंती, जी सातवी शिकून मासळी विकायची, ती दुपारी भागीरथीने दिलेल्या वहीत उतरवून घ्यायची.

इथे भागीरथीने एक चूक केली होती. आवडाबाई धवला सुरू करण्याआधी नावं घ्यायची. हा कुणी कुणाला दिला, ती यादी. भागीरथीला वाटलं, हे काही गाणं नव्हे, गाण्याआधीचं खाकरणं आहे. तिने ते गाळून धवले साइटवर चढवले आणि मोठ्या कौतुकाने त्याची छापील प्रत आत्याला वाचून दाखवली. आवडाबाईने पहिल्याच पानावर तिला थांबवलं.

"मनुबाईनं ठमाबाईला दिला, ठमाबाईनं मना दिला. ह्या कुठं हाय?" आणि लगेच म्हणाली, "नावां नाय तर ह्यो धवला चोरीचा हाय. काढ त्यो."

बाईने दोन दिवस अबोला धरला. भागीरथीने सगळी पानं पुन्हा उघडून प्रत्येकीचं नाव घातलं, तेव्हा कुठे अबोला सुटला. त्यानंतर पंधराच दिवसांनी सरांनी ती तळाची ओळ पुसायला सांगितली. आता हे काम तिच्या हातून व्हायचं कसं?

शनिवारी सरांनी समजुतीने घेतलं. ती चार पोरं दिव्याला बघायला येणार आहेत थोडीच, असं ते म्हणाले. सगळे असंच करतात, असंही म्हणाले. भागीरथी म्हणाली की त्यांनी एवढी एकच अट घातली आहे, तेवढी तरी पाळू. सरांनी चष्मा पुसला आणि शांतपणे सांगितलं, "उद्या मंडळासमोर ती ओळ दिसली, तर सोमवारपासून तू येऊ नकोस."

ती रात्र तिने तळमळत काढली, हे सांगायलाच हवं. शूर माणसांनाही झोप लागत नाही. पण ओळ तिने पुसली नाही.

रविवारी दिव्याच्या शाळेत सभा भरली. मंडळाने नुकताच घेतलेला संगणक टेबलावर होता आणि पलीकडच्या घरातून फोनची तार खिडकीतून आत ओढली होती. मंडळाचे अध्यक्ष दामाजी भोईर पहिल्या खुर्चीत, बायका मागे सतरंजीवर, नामा दाराशी. सरांनी सुरेख भाषण केलं. आमच्या संस्थेने अनेक महिने खपून ही प्रणाली निर्माण केली, म्हणाले. मग साइट सांभाळण्याच्या कराराकडे वळले. मजकुरात काही बदल हवा असेल तर आमच्या कार्यालयात लेखी पाठवा, आठ दिवसांत होईल.

दामाजीने विचारलं, माणूस गेला तर दहाव्याची बातमी पण आठ दिवसांनी का? लोक हसले. सर म्हणाले की तांत्रिक काम आहे, वेळ लागतोच.

भागीरथी संगणकाशी बसली होती. तिने पान खाली सरकवलं, थेट तळापर्यंत, आणि उभी राहिली.

"ही साइट सरांनी नाय लिहिलेली," ती म्हणाली. "मी पण नाय. ह्या चौघांनी प्रोग्राम लिहिला आणि फुकट दिला. मी त्यात मराठी बसवलं, तेवढंच. आणि बदलाला आठ दिवस लागत नाहीत. शेवंती, ये पुढे."

शेवंती पदर खोचून आली. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं की मंगळवारी नळाला पाणी नाही, सोमवारी भरून ठेवा. बटण दाबलं. पडद्यावर बातमी उमटली तसे सगळे एकदमच बोलायला लागले. सरांनी करार बॅगेत घातला. उद्या येऊ नकोस, एवढंच तिला म्हणाले आणि स्टेशनकडे निघून गेले.

दामाजी खुश झाला होता. फुकट मिळालेलं कुणाला कडू लागतं? तो म्हणाला, साइट आता मंडळच चालवील आणि भागीरथी ती सांभाळील, मंडळ तिला मानधन देईल. फक्त ते धवल्यांचं पान काढून टाक. आता आपल्या लग्नांना भटजी येतो, हॉल असतो. आपल्याकडे बायका लग्नं लावतात हे जगाला कशाला दाखवायचं? हे तो आवडाबाईच्या देखत बोलला, आणि तिच्याकडे न बघता बोलला. भागीरथीला सरांचा आला नव्हता एवढा राग ह्या माणसाचा आला.

"नाय काढणार, काका," ती म्हणाली. "तुमच्या साइटवरून तुम्ही काढा, पासवर्ड देते. पण हा प्रोग्राम जेवढा तुमचा तेवढाच माझा. मी त्याची दुसरी प्रत घेते आणि धवल्यांची साइट वेगळी उभी करते. ती तुम्हाला पुसता येणार नाय, सरांना येणार नाय. उद्या माझी बुद्धी फिरली तर मला पण येणार नाय, कारण एक प्रत शेवंतीकडे असेल."

भांडणात पडायचं दामाजीला कारण नव्हतं, त्याला दुसरी वाट माहीत होती. तो खुर्चीत मागे वळला आणि दाराकडे बघून म्हणाला, "नामा, पोरीची नोकरी गेली. तुझा शब्द पण संपला. आता वैशाखाच्या आत तिचं बघून टाक."

बापाचा शब्द सगळ्या वस्तीला पाठ होता, आणि तो कुठे संपतो हेही. भागीरथी बापाकडे बघायलासुद्धा धजली नाही.

नामा आजवर कुठल्या सभेत बोलला नव्हता. तो भिंतीला हात लावून उठला.

"नोकरी गेली," तो म्हणाला. "काम कुठं गेलाय? पोर कामालाच हाय."

आणि खाली बसला. दामाजीने पाणी मागितलं. भागीरथीने कोरी फ्लॉपी काढली, मंडळाच्या संगणकात सरकवली आणि सगळ्यांच्या देखत धवल्यांचं पहिलं पान उतरवून घ्यायला लागली.