सहा वाजता उठवणारी

नळीवाली पोरगी रोज सकाळी सहाला फोन करायची. "मावशी, उठा, सहा वाजले." मग मी डोळे चोळल्यासारखं करत म्हणायची, "अं? वाजले का?" अगदी नाटकातल्यासारखं.

खरं तर मी चारपासून जागी असायची. केस विंचरून, खाकरून घसा साफ करून फोनसमोर बसलेली. आणि तिने दिलेल्या तक्त्यात लिहायची, "जाग आली: ६.००." चौतीस वर्षं गणित शिकवलं मी, खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं. आणि आता स्वतः?

काम सोपं होतं. डोळे उघडल्या उघडल्या कापसाचा बोळा दोन मिनिटं तोंडात धरायचा आणि नळीत टाकायचा. अर्ध्या तासाने पुन्हा, तासाने पुन्हा. नळ्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या लाळेतून ताणाचं हॉर्मोन मोजायचं होतं त्या पोरीच्या संशोधनात. मोजा म्हटलं, माझं काय जातंय!

पण मी नाव दिलं ते त्या फोनसाठी. आम्ही दोघी बिनलग्नाच्या बहिणी, एका खोलीत दोन खाटा. ताई रोज माझं पांघरूण ओढायची, "ऊठ गं म्हशे!" मी रोज म्हणायची, "ताई, पाच मिनिटं." दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून मला कुणी उठवलेलं नाही.

आठव्या दिवशी पोरगी कागद घेऊन घरीच आली.

"मावशी, जाग आल्यावर अर्ध्या तासात हॉर्मोन चढायला हवं. तुमचं पहिल्याच नळीत चढलेलं, आणि मग उतरतंय."

"मशीन बिघडलं असेल तुमचं."

"लाळेतलं एन्झाइमही तेच सांगतंय. ते उठल्यावर आधी खाली येतं. तुमचं येतच नाही." कागद घडी करत तिने विचारलं, "फोनच्या आधी किती वाजता उठता?"

मेली हुशार होती. मी चिडले, चहा ठेवायला आत गेले आणि तिथूनच ओरडले, "चारला! मला कुणीतरी उठवलेलं आवडतं, म्हणून!"

ती हसली नाही. म्हणाली, "हा आठवडा वाया गेला. उद्या एक दिवस बघू. खरंच झोपलात तर पुढचे सात दिवस फोन करीन. नाहीतर नाव कमी करावं लागेल."

सात फोन! त्या संध्याकाळी पाय दुखेपर्यंत चालले, गरम दूध प्यायले, घड्याळ कपाटात कोंबलं. तरी झोप येईना. शेवटी उठले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ताईच्या खाटेवर जाऊन आडवी झाले.

फोन वाजला. मी डोळे न उघडताच तो कानाला लावला आणि म्हटलं, "ताई, पाच मिनिटं गं."

फोन कानाशी तसाच धरून मी कूस बदलली.

"ताई?"

"मावशी, मी आहे," पोरगी हळूच म्हणाली. "पाच मिनिटं नाही देता येणार. बोळा घ्या तोंडात."

डोळे उघडले. माझी खाट समोर रिकामी, आणि ताईच्या खाटेवर मी. मला रडू कोसळलं, अगदी हमसून हमसून. ताई गेली त्या दिवशी आलेली माणसं, डॉक्टर, कागद यांच्यात रडायला फुरसतच मिळाली नव्हती.

"डोळ्यांचं पाणी मिसळलं तर चालतं का गं?"

"नाही चालत. आधी तोंड पुसा," ती म्हणाली. "मी थांबते फोनवर."

तिन्ही नळ्या दिल्या. संध्याकाळी तिचा फोन आला, आनंदाने नुसती उड्या मारत होती. "मावशी, अर्ध्या तासाला काय चढलंय! अगदी हवं तसं! एन्झाइमही बरोबर खाली आलंय. आता सातही दिवस तुमचे. उद्या सहाला!"

"नको," मी म्हटलं. "माझं नाव कमी कर."

"अहो, पण का? आता तर जमलं!"

"जमलं म्हणूनच. ताई एकदा गेली तेवढं पुरे, बाळ. रोज सकाळी सहाला जायला नको."