पाच तारांची सवत

चार तारांची एक जुनी बेस गिटार आहे मी, आणि आधीच सांगून टाकते, मला हेवा फार वाटतो. मित्रांनो, गोष्टींमधल्या वस्तू नेहमी शहाण्या असतात. मी नाही.

गाण्यात मला कुणी वेगळं ऐकत नाही. पण मी थांबले की गाणं पोकळ वाटतं. बारा वर्षं ऑर्केस्ट्रात मला माऊलीअण्णांनी वाजवलं. त्यांची बोटं वळेनाशी झाली तेव्हा त्यांनी मला भूगावच्या विकासच्या हातात दिलं. "वाजवून झालं की तारा पुसायच्या. घामानं गंजत्यात," एवढंच ते म्हणाले. विकासने वर्षभर अगदी मनापासून पुसल्या. लाडच होते माझे!

दर रविवारी सकाळी अण्णांच्या गच्चीवर तिघं जमायचे: अण्णा, विकास आणि बावधनहून येणारी किमया. तिच्याकडे स्वतःची गिटार नव्हती, ती माझ्यावरच शिकायची.

"पोरी, जोर लावू नगं. बोट हलकं ठेव आन कान ड्रमकडं," अण्णा सांगायचे.

"आणि सूर कमी वाजव," विकास म्हणायचा. "मीपण सुरुवातीला सगळीकडे लुडबुड करायचो." मग चहा व्हायचा. माझ्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं.

मग विकासने ती नवी गिटार आणली. पाच तारांची, काळी कुळकुळीत, पोटात चौकोनी सेल. तिघंही तिच्यावर वाकले. "काय घुमतीया लेका!" अण्णा म्हणाले. अण्णासुद्धा! किमयाही तिच्यावरच शिकू लागली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. विकासने मला घरी कपाटामागे उभं केलं. पावसाळाभर ओल खाऊन माझ्या तारा गंजल्या, मान वाकली. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

एक दिवस धरणाकाठच्या हॉटेलचे मालक विठ्ठलराव घरी आले. येत्या रविवारी दुपारी विकासच्या बँडचा कार्यक्रम ठरवला आणि जाताना मला बघून म्हणाले, "ही द्या की आमाला. भिंतीवर ठोकू. तारा नसल्या तरी चालतंय."

"न्या की. रविवारी येताना आणतो," विकास म्हणाला. खिळे ठोकलेली गिटार पुन्हा कधी वाजत नाही.

त्या आठवड्यात सवतीचा सराव जोरात चालला होता. अण्णांनी विकासला बजावलं होतं, "वाजवून झालं की हिची वायर काढ. वायर आत असली की सेल जळत ऱ्हातो." हा 'हो हो' म्हणाला आणि विसरला. वायर दिवसरात्र तशीच. मला बोलता येत नाही. आलं असतं तरी बोलले नसते!

रविवारी हॉटेलात दुसऱ्याच गाण्यात काळ्या बाईसाहेबांचा सेल संपला; आवाज चिरका झाला आणि बंद पडला. विकास नुसती बटणं फिरवत राहिला. खरं सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. किमयाने धावत जाऊन मला पिशवीतून काढलं. मला सेल लागत नाही, वायर खुपसली की मी तयार.

"मान वाकलीया तिची!" अण्णा स्टेजखालून ओरडले. "डोक्याकडच्या पट्ट्यांवरच ऱ्हा!" विकास तिथेच राहिला आणि कार्यक्रम मी तारून नेला.

तरीही विठ्ठलराव खिळे घेऊन आलेच. शब्द दिलेला, म्हणून विकासने मला पुढे केलं. किमयाने मात्र मला घट्ट धरलं. "काका, आत्ताच ऐकलंत ना हिला? खिळे नका मारू. मी नेते हिला."

"व्हय, तिलाच द्या," अण्णा म्हणाले. विठ्ठलराव हसले आणि खिळे खिशात टाकले.

आता मी बावधनला असते. मान सरळ झाली, तारा नव्या आल्या. गेल्या रविवारी गच्चीवर काळी विकासच्या मांडीवर होती, पण तो बघत होता माझ्याकडे.

"किमया, जरा देतेस का? एकच गाणं."

"थांब ना दादा, माझं होऊ दे," ती म्हणाली, आणि तिचं वाजवणं काही संपलंच नाही.

त्याचा चेहरा उतरला. ते बघणं मी ओळखते, मित्रांनो. मीही तसंच बघत आले होते. वाटलं होतं, मला मजा येईल. नाही आली.

म्हणून सांगते, नवं जरूर आणा. पण जुनं आपल्या हातात आहे तोवरच त्याची किंमत ओळखा. दुसऱ्याच्या मांडीवर ते गोड वाजायला लागलं की मागायला तोंड उरत नाही.