हार्पचं बारसं

पद्मजाकाकूंनी आयुष्यभर माणसांच्या छातीचे एक्स-रे वाचले आणि निवृत्तीनंतर त्यांच्यापुढे आली एका लाकडी वाद्याची छाती. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावच्या एका छोट्या खासगी वाद्यसंग्रहालयाला एक जुनं आयरिश हार्प भेट मिळालं होतं. विलोच्या झाडाच्या एकाच ओंडक्यातून कोरून काढलेलं, तारा पितळेच्या, वाजवायचं ते वाढवलेल्या नखांनी. कीड आत कुठवर गेलीय हे संग्रहालय चालवणाऱ्या कॅरोलला बघायचं होतं. ओळखीच्या एका घोड्यांच्या डॉक्टरानं एक्स-रे काढून दिले. ते वाचायला काकू एका दुपारसाठी म्हणून गेल्या, त्या तिथंच रमल्या.

करण्यासारखं होतंही बरंच. बाहेर बर्फ आणि आत हीटर, म्हणजे जुन्या लाकडाचा काळच. त्यामुळे खोलीतली हवा फार कोरडी होऊ द्यायची नाही, मऊ ब्रशनं धूळ झटकायची, आणि जुन्या हार्पच्या तारा मुळीच ताणायच्या नाहीत, नाहीतर उरलंसुरलं लाकूड फुटायचं. वाजवायला म्हणून त्याची हुबेहूब नक्कल करून घेतली होती. तिच्या मधल्या दोन तारा एकाच सुरात लावून मग बाकीच्या जुळवायच्या, असं कॅरोल समजावायला लागली तेव्हा काकू हसल्या. तंबोऱ्याची जोड लावण्यात त्यांचं बालपण गेलं होतं.

अशा हार्पना नाव द्यायची रीत आहे. ज्या घराण्याकडे ते सापडलं, त्या घराण्याचं नाव. हे हार्प दिलं होतं हॅलोरन नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी, तेव्हा ते 'हॅलोरन हार्प' होणार हे ठरल्यासारखंच होतं. पण हॅलोरनसाहेबांना गप्पांची हौस दांडगी. एकदा कॉफी पिता पिता ते सांगून गेले, की हार्प मुळात हॅलोरनांचं नव्हेच. त्यांची पणजी नोरा लग्न होऊन आली, ती स्वतःच्या आजोबांचं हे हार्प बरोबर घेऊन आली होती.

"वाजवायच्या का त्या?" काकूंनी विचारलं.

"लग्नाआधी वाजवायची म्हणतात. पण सासूला तिची लांब नखं खपेनात. लावली कापायला." ते मजेत हसले. "मग हार्पला हिरवा रंग दिला आणि ठेवलं बैठकीत शोभेला."

काकूंना हसू आलं नाही, तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्यांनी तिची नखं कापली, त्यांचंच नाव त्या वाद्याला द्यायचं? हे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! त्यांनी ठरवलं, हार्पला नोराच्या माहेरचंच नाव मिळालं पाहिजे. कॅरोलला बरोबर घेऊन त्यांनी चर्चची दप्तरं पालथी घातली, आयर्लंडला ईमेल केल्या. हाताला काय लागलं? 'नोरा, हॅलोरनची बायको.' माहेर जणू नव्हतंच तिला. मग निदान तिचं स्वतःचं नाव तरी लागलंच पाहिजे, असा काकूंनी हट्ट धरला.

नाव ठरवायच्या बैठकीच्या दिवशी रस्ते निसरडे होते, म्हणून काकूंच्या यजमानांनी, चारुदत्तकाकांनी, गाडी काढली आणि आले आहेत तर बसले मागच्या खुर्चीत. काका मोटारीच्या कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. हार्पमध्ये त्यांना फक्त खुंट्यांच्या मापात रस होता.

हॅलोरनसाहेबांच्या कानावर काकूंचा बेत गेलेलाच होता. त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं, "आमचं नाव नसेल तर हार्प परत नेतो. मुलाच्या घरी फायरप्लेसजवळ छान दिसेल."

फायरप्लेसजवळ ते एक हिवाळासुद्धा काढणार नाही, उभं फाटेल. एक्स-रेमधली एकेक चीर काकूंना पाठ होती. कॅरोल डोळ्यांनी विनवत होती, सोडून द्या म्हणून. गप्प बसलं तर हार्प वाचत होतं, आणि नोरा पुसली जात होती.

काकू उठल्याच. "आमच्याकडे लग्नात एक विधी असतो," त्या म्हणाल्या. "ताटात तांदूळ पसरतात. नवरा त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. आडनाव नव्हे, नाव. माझ्या वेळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. तेच नाव पासपोर्टवर लागलं. आता मला जुन्या नावानं हाक मारणारं कोणी राहिलेलं नाही."

हॅलोरनसाहेबांनी विचारलं, "तुम्हाला आवडलं होतं का नवं नाव?"

"मला कोणी विचारलंच नाही."

म्हाताऱ्यानं नाक चोळलं, खिडकीबाहेर बघितलं. "नोरा हार्प," शेवटी ते म्हणाले. "पण खाली बारीक अक्षरांत आमचं नाव हवं." त्यांचं मन पालटायच्या आत कॅरोलनं ते लिहून घेतलं.

काकूंना इतका आनंद झाला, की घरी येईपर्यंत त्या एकट्याच बोलत होत्या. घरी आल्यावर काकांनी त्यांच्याकडे न बघता, न सांगताच चहा टाकला, तेव्हा काकूंच्या लक्षात आलं, स्वारी दुखावलीय.

"चारचौघांत मला व्हिलन केलंस," काका म्हणाले. "आईनं सांगितलं, मी लिहिलं. सगळेच लिहायचे."

"तुम्हाला नाही बोलले मी. रीतीबद्दल बोलले."

काकांनी कप पुढे ठेवला. म्हणाले, "बरं, तेव्हा नाही विचारलं, आता विचारतो. तुला शरयू म्हणू का?"

इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडी ते लग्नाआधीचं नाव ऐकून काकू खुर्चीवर टेकल्या. हो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि हो येईना. शरयू शाळेत जायची, तंबोरा लावायची. एक्स-रे वाचले ते पद्मजानं, पोरं वाढवली ती पद्मजानं, आज बैठकीत भांडली तीही पद्मजाच.

"नको," त्या म्हणाल्या. "पद्मजाच म्हणा. माझंच झालंय ते आता. पण विचारलंत, फार बरं वाटलं."

"मग त्या नोराचंही तसंच झालं असेल तर? इतकी वर्षं संसार केला. तिलाही हॅलोरनच आवडत असेल."

"काहीतरीच काय!" काकू म्हणाल्या. नोराच्या नखांसाठी, नोराच्या माहेरासाठी त्या महिनोन्‌महिने भांडल्या होत्या. तिला स्वतःला काय हवं असेल, हे त्यांच्याही मनात एकदासुद्धा आलं नव्हतं.